‘मूव्ह’ विचारत नाही: बॅच फाइलने फोटो फोल्डरवार लावताना

एका लग्नाला दोन छायाचित्रकार असतात, दोघांकडे एकाच कंपनीचे कॅमेरे असतात, आणि हळदीपासून वरातीपर्यंतचे फोटो चार-पाच मेमरी कार्डांत विखुरलेले असतात. त्यात नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोंची भर पडली, की संगणकावरच्या एकाच फोल्डरात तीन-चार हजार फाइली सहज जमतात. त्या माउसने निवडून योग्य त्या फोल्डरात ओढत बसणे अशक्य नसते, पण त्यात अख्खी दुपार जाते आणि चारशेव्या फोटोनंतर कोणता फोटो कोठे टाकला याचे भान राहत नाही. हे काम संगणकाकडूनच करून घेण्याचा एक जुना मार्ग म्हणजे विंडोजमधील बॅच फाइल, आणि त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागत नाही. बॅच फाइलीत फोटो हलवणारी ओळ खरे तर एकच असते. बाकीच्या ओळी फोटो हरवू नयेत म्हणून लिहाव्या लागतात. या लेखाचा भर त्या बाकीच्या ओळींवर आहे.

बॅच फाइल म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या आज्ञांची साध्या मजकुरात लिहिलेली यादी. डॉस ही प्रणाली १९८१ साली आली, त्या काळापासूनची ही पद्धत विंडोज ११ मध्येही चालते. नोटपॅडमध्ये आज्ञा लिहायच्या, फाइल साठवताना तिच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन ‘बॅट’ हे एक्स्टेंशन लावायचे, आणि तिच्यावर दोनदा क्लिक केले की आज्ञा वरून खाली पाळल्या जातात. साठवताना नोटपॅड स्वतःहून ‘टीएक्सटी’ हे एक्स्टेंशन मागे चिकटवते आणि विंडोज ते बहुधा दाखवत नाही, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात अनेकांची बॅच फाइल चालण्याऐवजी नोटपॅडमध्येच पुन्हा उघडते. फाइलींची एक्स्टेंशन दिसतील अशी निवड फाइल एक्सप्लोररमध्ये आधीच करून ठेवली, तर हा घोळ होत नाही. या लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर मात्र त्या रोमन अक्षरांतच टंकायच्या असतात.

सर्वांत साधी ओळ अशी असते:

फॉर %%फ इन (*.जेपीजी) डू मूव्ह "%%फ" "डी:\फोटो\२०२४\"

या ओळीचा अर्थ असा, की चालू फोल्डरातील ‘जेपीजी’ एक्स्टेंशनची प्रत्येक फाइल एकेक करून घ्यावी, तिला तात्पुरते ‘फ’ म्हणावे आणि डी ड्राइव्हवरच्या फोटो या फोल्डरातील २०२४ या फोल्डरात हलवावी. टक्क्याचे चिन्ह दोनदा आले आहे, कारण बॅच फाइलीत ते दोनदाच लिहावे लागते. हीच ओळ कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत थेट टंकली तर ते एकदाच लिहायचे असते. इंटरनेटवर सापडलेली ओळ आपल्याकडे चालत नाही, यामागे कित्येकदा एवढेच कारण असते. दुहेरी अवतरणचिन्हेही शोभेसाठी नाहीत. फाइलीचे नाव ‘आजी आजोबा.जेपीजी’ असेल, तर अवतरणचिन्हांशिवाय संगणक ‘आजी’ ही एक गोष्ट आणि ‘आजोबा.जेपीजी’ ही दुसरी गोष्ट समजतो आणि आज्ञेची मांडणी चुकली असे सांगून ती फाइल हलवत नाही.

तारांकनाचा अर्थ ‘काहीही’ असा असतो, आणि एक्स्टेंशन लहान लिपीत आहे की मोठ्या, याने विंडोजला फरक पडत नाही. मात्र ‘जेपीजी’ मागितले तर ‘जेपीईजी’ असे चार अक्षरी एक्स्टेंशन असलेल्या फाइली मागे राहतात, म्हणून कंसात दोन्ही लिहावीत. आयफोनवरून आलेले फोटो असतील तर ‘एचईआयसी’ हे तिसरे एक्स्टेंशनही लिहावे लागते, कारण २०१७ सालच्या आयओएस ११ पासून ॲपलने तो प्रकार वापरायला सुरुवात केली. याउलट ‘टीआयएफ’ मागितले तर ‘टीआयएफएफ’ फाइलीही अनेकदा हाती लागतात. याचे कारण असे, की लांब नावाच्या फाइलीला विंडोज पडद्याआड आठ अधिक तीन अक्षरांचे एक आखूड नावही देऊ शकते आणि शोध घेताना ते नावही पाहते. ‘टीआयएफएफ’चे आखूड रूप ‘टीआयएफ’ होते. ‘जेपीईजी’चे मात्र ‘जेपीई’ होते, ‘जेपीजी’ होत नाही. आठ अधिक तीन हा डॉसच्या काळचा नियम पुढेही आपली पाठ सोडणार नाही.

आता वरच्या ओळीतील सर्वांत लहान चिन्हाकडे पाहू. २०२४ नंतर, अवतरणचिन्ह बंद होण्यापूर्वी, एक उलटी तिरकी रेघ आहे. ती लिहिली नाही आणि २०२४ नावाचा फोल्डर आधीपासून असला, तर काहीच बिघडत नाही. तो फोल्डर नसेल, तर मात्र मूव्ह ही आज्ञा ‘२०२४’ हे फोल्डरचे नाव न मानता फाइलीचे नवे नाव मानते. मग पहिला फोटो डी ड्राइव्हवर जाऊन ‘२०२४’ नावाची, एक्स्टेंशन नसलेली एक फाइल होतो, दुसरा फोटो त्याच नावाने त्याच्यावर जाऊन बसतो, तिसरा दुसऱ्यावर. माझ्या हातून हे एकदा झाले आहे. एका सहलीचे दोनशेच्या वर फोटो काही सेकंदांत ‘हलले’, प्रत्येक फोटोमागे एक फाइल हलवल्याचा निरोप पडद्यावर उमटला, आणि शेवटी माझ्याकडे एकच फाइल उरली, तीही शेवटच्या फोटोची. सुदैवाने मेमरी कार्ड अजून पुसलेले नव्हते. शेवटी तिरकी रेघ असली, तर फोल्डर नसताना ही आज्ञा निमूटपणे नाव बदलत नाही, चूक दाखवून थांबते. त्याहून चांगले म्हणजे हलवण्यापूर्वी ‘इफ नॉट एक्झिस्ट’ अशी अट घालून फोल्डर नसल्यास ‘एमडी’ या आज्ञेने तो तयार करून घ्यावा. ‘एमडी’ मधले फोल्डरही स्वतःच बनवते, म्हणजे फोटो नसेल तर फोटो आणि त्यात २०२४, असे दोन्ही एकाच आज्ञेत होतात.

वरच्या प्रसंगात एक प्रश्न मनात यायला हवा: दुसरा फोटो पहिल्यावर बसत असताना संगणकाने विचारले का नाही? काळ्या खिडकीत हाताने मूव्ह टंकले, तर तो विचारतो. त्याच नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असा प्रश्न येतो आणि आपण नाही म्हणू शकतो. बॅच फाइलीतून तीच आज्ञा दिली, तर विचारत नाही. हा दोष नाही, ठरवून केलेली सोय आहे, आणि या आज्ञेच्या मदतीच्या मजकुरात ती शेवटच्या वाक्यात नोंदलेली आहे. बॅच फाइल माणूस समोर नसताना चालावी, मध्येच उत्तराची वाट पाहत अडकू नये, असा त्यामागचा विचार आहे. मूव्हच्या मागे ‘/-वाय’ असे लिहिले, तर बॅच फाइलीतही प्रश्न विचारला जातो. अशा रीतीने दुसऱ्या फाइलीखाली गेलेली फाइल रीसायकल बिनमध्येही जात नाही, त्यामुळे तेथून परत काढण्याचा मार्ग नसतो.

एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असणे ही दुर्मीळ गोष्ट असती, तर एवढे घाबरण्याचे कारण नव्हते. पण डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाबतीत ती नियमानेच घडते. कॅमेऱ्याने कार्डावर फाइली कशा ठेवाव्यात याचा एक नियम जपानमधील उद्योगसंघटनेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ठरवला आणि बहुतेक कॅमेरे तोच पाळतात. कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर, त्यात १०० ते ९९९ या आकड्यांनी सुरू होणारे आठ अक्षरी फोल्डर, आणि त्यांत आठ अक्षरी नावांचे फोटो. या आठांपैकी पहिली चार अक्षरे कंपनीच्या पद्धतीची असतात आणि उरलेले चार अंक ०००१ ते ९९९९ यांमधले असतात. म्हणून कॅननच्या कॅमेऱ्यातून ‘आयएमजी_०००१’ येते आणि निकॉनच्या कॅमेऱ्यातून ‘डीएससी_०००१’. आठ अक्षरांची ही मर्यादा डॉसच्याच आखूड नावांची आहे. तिचा परिणाम असा, की ९९९९ व्या फोटोनंतर कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो, क्रमांक पुन्हा सुरू करण्याची निवड केलेली असेल तर नव्या कार्डागणिक ०००१ वर येतो, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे तर पहिल्या दिवसापासून एकसारखीच नावे देत असतात. लग्नात एकाने मुंडावळ्या बांधतानाचा फोटो काढला आणि दुसऱ्याने पंगतीचा, तरी दोन्हींचे नाव ‘आयएमजी_०४१२’ असू शकते. साध्या ओळीने ते एका फोल्डरात हलवले, तर पंगत राहील आणि मुंडावळ्या जातील.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय बॅच फाइलीच्या बाहेरचा आहे. प्रत्येक कार्ड संगणकावर स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात उतरवावे, आणि एकत्र करण्यापूर्वी प्रत्येक फोल्डरातील फाइलींच्या नावाआधी कॅमेऱ्याची खूण जोडावी. काही कॅमेऱ्यांत नावातील सुरुवातीची अक्षरे बदलण्याची सोय असते, तेथे काम आणखी सोपे होते. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच जुळवून घेणे हेही याच सदरात येते, कारण पुढे फोटो वेळेप्रमाणे लावायचे असतील तर सात मिनिटे मागे असलेल्या कॅमेऱ्यात मंगळसूत्र आधी आणि अक्षता नंतर पडतात.

तरीही बॅच फाइलीने स्वतः खबरदारी घेतलीच पाहिजे. तिला सांगायचे ते असे: जेथे जायचे आहे तेथे या नावाची फाइल आहे का, ते पाहा, नसेल तर हलव, असेल तर नावामागे १ जोडून पाहा, तेही असेल तर २ जोडून पाहा, आणि मोकळे नाव सापडले की त्या नावाने हलव. यासाठी ‘गोटू’ ही आज्ञा वापरून मागे उडी मारावी लागते, आणि नवशिक्यांची गाडी बहुधा इथेच अडते. ‘फॉर’च्या आतून ‘गोटू’ने उडी मारली, की ते ‘फॉर’ तेथेच संपते. पहिल्या फोटोची सोय होते आणि बाकीच्यांकडे कोणी पाहत नाही. म्हणून तपासणीचा हा भाग फाइलीच्या शेवटी वेगळा लिहितात, त्याच्या डोक्यावर अपूर्णविराम देऊन एक नाव ठेवतात, आणि ‘फॉर’मधून ‘कॉल’ या आज्ञेने त्याला बोलावतात. बोलावलेला भाग आपले काम करून परत येतो आणि ‘फॉर’ पुढचा फोटो घेते.

फॉर %%फ इन (*.जेपीजी *.जेपीईजी) डू कॉल :हलवा "%%फ"
गोटू :ईओएफ

दुसरी ओळ विसरू नये. ‘ईओएफ’ म्हणजे फाइलीचा शेवट, आणि ही ओळ संगणकाला थेट तेथे पाठवते. ती नसेल, तर सगळे फोटो संपल्यावर संगणक सरळ खाली उतरतो आणि ‘हलवा’ या भागात हातात कोणताही फोटो नसताना आणखी एकदा शिरतो.

नाव सारखे असले म्हणजे फोटो वेगळेच असतील, असेही नाही. तेच कार्ड चुकून दोनदा उतरवले गेले असेल, तर वरच्या युक्तीने प्रत्येक फोटोची जुळी प्रत तयार होईल. ‘एफसी’ या आज्ञेला ‘/बी’ जोडून दोन फाइली दिल्या, तर ती त्या बाइटगणिक ताडून पाहते आणि फरक नसल्याचे सांगू शकते. फाइली खूप असतील तर आधी आकार पाहावा, कारण आकार वेगळा असला तर पुढे ताडण्याची गरजच उरत नाही. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ या साधनाने फाइलीचा ठसाही, म्हणजे तिच्या आतल्या मजकुरावरून मोजलेली अंक-अक्षरांची खूणही, काढता येते. दोन फाइलींचे एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेले ठसे सारखे आले, तर व्यवहारात त्या एकच मानायला हरकत नाही. नक्कल आहे हे कळल्यावर ती पुसण्याची आज्ञा मी बॅच फाइलीत लिहीत नाही, ‘नकला’ नावाच्या फोल्डरात हलवतो. पुसायचे काम डोळ्यांनी एकदा पाहून हातानेच करावे.

छायाचित्रकारांकडे आणखी एक अडचण असते. कॅमेरा एकाच क्षणी ‘सीआर२’ किंवा ‘एनईएफ’ अशी कच्ची फाइल आणि तिच्याच नावाची ‘जेपीजी’ फाइल अशी जोडी काढतो. त्यातील एकीला नवे नाव मिळाले आणि दुसरीला नाही, तर जोडी फुटते. म्हणून नाव बदलायचे झाल्यास एक्स्टेंशनच्या जागी तारांकन लिहून दोघींना एकदमच हात घालावा.

फोटो महिन्यावार लावायचे असतील, तर पहिला प्रश्न असा की तारीख कोणाची धरायची. फाइलीच्या माहितीत ‘तयार केल्याची’ आणि ‘बदलल्याची’ अशा दोन तारखा दिसतात. फाइलीची प्रत केली, की ‘तयार केल्याची’ तारीख प्रतीच्या दिवसाची होते, तर ‘बदलल्याची’ जुनीच राहते. त्यामुळे एखादा फोटो बदलल्यानंतर जन्मला, असा उलटा इतिहास विंडोजमध्ये नेहमी पाहायला मिळतो. ‘फॉर’ला फाइलीची तारीख विचारली तर ती ‘बदलल्याची’ तारीख देते, आणि एडिट न केलेल्या फोटोसाठी ती बऱ्याचदा चालते. पण ती मिळते संगणकाच्या प्रादेशिक निवडीप्रमाणे. भारतीय पद्धत निवडलेल्या संगणकावर दिवस आधी आणि महिना नंतर येतो, अमेरिकन पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर येतो, शिवाय मध्ये तिरक्या रेघा असतात. पुण्यात लिहिलेली बॅच फाइल न्यू जर्सीतल्या भावाला पाठवली, तर तिकडे सात सप्टेंबरचे फोटो जुलैच्या फोल्डरात जातील, आणि कोठेही चूक झाल्याचा निरोप येणार नाही.

फोनवरच्या फोटोंची तारीख बहुधा नावातच असते आणि ती बॅच फाइलीला सहज कापून घेता येते. अँड्रॉइड फोनमधील व्हॉट्सॲपचा फोटो ‘आयएमजी-२०२४०९०७-डब्ल्यूए००१२’ अशा नावाचा असतो. नाव एका चलात, म्हणजे किंमत तात्पुरती साठवणाऱ्या जागेत, ठेवून ‘चार अक्षरे सोडून पुढची चार दे’ असे सांगितले की २०२४ मिळते, ‘आठ सोडून पुढची दोन’ म्हटले की ०९. संगणक मोजणी शून्यापासून करतो, एवढे लक्षात ठेवावे. ही तारीख फोटो फोनमध्ये आल्याची असते, काढल्याची नव्हे. मावशीने २०२४ च्या गणेश चतुर्थीला पाठवलेला तिच्या लग्नातला फोटोही सप्टेंबर २०२४ मध्येच जातो. गूगलच्या पिक्सेल फोनची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या ‘पीएक्सएल’ने सुरू होणाऱ्या नावांतील वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचच्या काकड आरतीचा फोटो नावाप्रमाणे आदल्या रात्री साडेअकराचा ठरतो. महिन्याच्या एक तारखेची आरती असेल, तर तो मागच्या महिन्याच्या फोल्डरात जाऊन बसतो.

नावातून काढलेल्या ०९ ची दुसरी खोड अधिक मजेदार आहे. महिना फक्त फोल्डरच्या नावात वापरायचा असेल, तर काही अडचण नाही. पण एखाद्या स्टुडिओला एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षाप्रमाणे फोटो लावायचे असतील, तर ‘महिना चारपेक्षा कमी असल्यास वर्षातून एक वजा कर’ असे गणित करावे लागते. बॅच फाइलीत गणितासाठी ‘सेट’ला ‘/ए’ जोडतात, आणि तेथे शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची मानली जाते. अष्टमान पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नसतात. ०१ ते ०७ चालतात, १० ते १२ ला पुढे शून्य नसते म्हणून तेही चालतात, आणि फक्त ०८ व ०९ ला संगणक ही संख्याच नव्हे म्हणून अडून बसतो. मे महिन्यात लिहून नीट तपासलेली बॅच फाइल ऑगस्ट उजाडला की मोडते आणि ऑक्टोबरात आपोआप बरी होते. गणपती बहुधा याच दोन महिन्यांत येत असल्याने ते फोटो तेवढे राहून जातात. उपाय असा, की महिन्याच्या पुढे १ लिहून १०९ करावेत आणि त्यातून १०० वजा करावेत.

कापाकापी ‘फॉर’च्या कंसात केली, तर आणखी एक विचित्र अनुभव येतो. कंसातील सगळा मजकूर संगणक एकदमच वाचतो आणि टक्क्यांच्या चिन्हांतील चलांच्या किमती त्याच क्षणी भरून टाकतो. नंतर फोटोगणिक चल बदलत गेले, तरी ओळीत मात्र पहिलीच किंमत राहते, आणि सगळे फोटो एकाच महिन्यात किंवा बिननावाच्या फोल्डरात जातात. यासाठी ‘सेटलोकल’ने विलंबित विस्ताराची, म्हणजे किंमत आयत्या वेळी भरण्याची, सोय सुरू करून टक्क्यांऐवजी उद्गारचिन्हे वापरायला सांगतात. ती सोय चालते, पण सुरू असताना फाइलीच्या नावातले उद्गारचिन्ह गिळले जाते, आणि मग ‘मोरया!.जेपीजी’ नावाची फाइल सापडतच नाही. आपण वर ‘कॉल’ वापरून वेगळा भाग केला आहे, त्याच्या आत ओळी कंसाबाहेर आणि एकेक करून वाचल्या जातात, म्हणून मला तरी हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो.

कॅमेऱ्याच्या फोटोत मात्र खरी तारीख फाइलीच्या आत, एक्झिफ नावाच्या नोंदीत असते, आणि बॅच फाइलीला ती स्वतः वाचता येत नाही. फिल हार्वे यांनी लिहिलेले ‘एक्झिफटूल’ हे मोफत साधन ती वाचते आणि त्या तारखेप्रमाणे फाइल हलवूही शकते. त्याची आज्ञा बॅच फाइलीत घालताना तारखेच्या साच्यातील टक्क्याची चिन्हे दुप्पट करायला विसरू नये. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत एक्झिफची नोंद सहसा उरलेली नसते, म्हणून त्यांच्यासाठी नाव आणि कॅमेऱ्याच्या फोटोंसाठी एक्झिफ, असे दोन वेगळे रस्ते ठेवावे लागतात.

फोल्डरांना मराठी नावे द्यावीत की नाही, हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. देता येतात. बॅच फाइल यूटीएफ-८ या, सर्व लिप्यांची अक्षरे सामावणाऱ्या पद्धतीत साठवावी आणि तिच्यात वरच्या बाजूला ‘सीएचसीपी ६५००१’ ही ओळ घालावी, म्हणजे देवनागरी अक्षरे बरोबर वाचली जातात. जुने नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालत असे आणि त्यामुळे पहिली आज्ञा ओळखली जात नसे. २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून नोटपॅड त्यांशिवाय साठवते. काळ्या खिडकीत देवनागरीऐवजी चौकोन दिसले, तरी फोल्डरचे नाव बरोबर असू शकते. खात्री फाइल एक्सप्लोररमध्ये करावी. तरी महिन्यांसाठी मी ‘२०२४-०९’ असे आकडेच पसंत करतो, कारण महिन्यांची नावे अक्षरांच्या क्रमाने लागतात आणि जानेवारीच्या आधी एप्रिल येतो.

एकाच ड्राइव्हवर फाइल हलवणे आणि दुसऱ्या ड्राइव्हवर हलवणे ही दिसायला एक असली तरी वेगळी कामे आहेत. एकाच ड्राइव्हवर फक्त फाइलीचा पत्ता बदलतो, फोटो जागचा हलत नाही, म्हणून कित्येक गिगाबाइट क्षणात ‘हलतात’. दुसऱ्या ड्राइव्हवर आधी प्रत होते आणि मग मूळ फाइल पुसली जाते. म्हणून मेमरी कार्डावरून मूव्ह कधीही करू नये. प्रत करावी, फोटो उघडून पाहावेत, आणि कार्ड नंतर कॅमेऱ्यातच रिकामे करावे.

मोठ्या प्रतींसाठी विंडोज व्हिस्टापासून सोबत येणारे ‘रोबोकॉपी’ अधिक योग्य आहे. ते मध्येच थांबले तर पुन्हा चालवल्यावर झालेल्या फाइली वगळते, आणि ‘/एल’ जोडल्यास काहीही न हलवता काय हलवले असते याची यादी दाखवते. काम संपल्यावर ते परत देत असलेले संकेताचे आकडे मात्र उलटे वाटतात. इतर आज्ञांत सहसा शून्याखेरीज काही परत आले की चूक मानतात. रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली नीट गेल्या, आणि अपयश ८ पासून सुरू होते. मूव्हमध्ये ज्या शेवटच्या तिरक्या रेघेने आपल्याला वाचवले, तीच रोबोकॉपीत अवतरणचिन्हापूर्वी आली तर ते अवतरणचिन्ह मजकुराचा भाग समजले जाते आणि पत्ता बिघडतो. ‘/एमआयआर’ हा पर्याय नवशिक्याने दूरच ठेवावा, कारण तो दोन्ही फोल्डर आरशासारखे एकसारखे करतो, म्हणजे मूळ ठिकाणी नसलेले सगळे दुसऱ्या ठिकाणाहून पुसतो.

बॅच फाइल कोणत्या फोल्डरात काम करते आहे, हेही तिला स्पष्ट सांगावे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यास ती विंडोजच्या ‘सिस्टम३२’ या फोल्डरात उभी राहते आणि तेथे फाइली हलवणे ही थट्टा नव्हे. वरच्याच ओळीत ‘सीडी’ला ‘/डी’ जोडून ठिकाण ठरवावे. ‘/डी’ नसेल तर ड्राइव्ह बदलत नाही आणि आज्ञा भलत्याच ठिकाणी चालतात. फोटोंच्याच फोल्डरात ठेवलेली बॅच फाइल ‘सगळ्या फाइली हलव’ या आज्ञेने स्वतःलाच हलवते आणि पुढची ओळ वाचायला ती जागेवर नसते, म्हणून एक्स्टेंशन नेहमी लिहावे.

पहिल्यांदा चालवताना मूव्हच्या आधी ‘एको’ हा शब्द घालावा. मग काहीही न हलता प्रत्येक फोटोसाठी होणारी आज्ञा फक्त पडद्यावर लिहिली जाते, आणि पन्नास ओळी वाचल्या की फोल्डरचे चुकलेले नाव, रिकामा महिना किंवा उलटी तारीख डोळ्यांत भरते. ते ठीक वाटल्यावर ‘एको’ काढावा, पण दुसऱ्या एका कामासाठी तो ठेवून द्यावा. प्रत्येक फोटो हलवल्यावर नवा पत्ता आधी आणि जुना पत्ता नंतर अशी मूव्हची उलटी ओळ, मागे ‘/-वाय’ लावून, ‘एको’ने दुसऱ्या बॅच फाइलीच्या शेवटी जोडत जावी, त्यासाठी ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह दोनदा लिहितात, कारण एकदाच लिहिले तर आधीच्या ओळी पुसून फाइल नव्याने सुरू होते. दोन्ही पत्ते ड्राइव्हपासून पूर्ण लिहावेत, म्हणजे ती फाइल कोठूनही चालवता येते. माझ्या संगणकावर तिचे नाव ‘परत.बॅट’ असे आहे, आणि आजवर ती दोनदा चालवावी लागली आहे.